यंत्रे दोन, पत्ता मात्र एकच!

२० ऑक्टोबर २०२५. ऐन दिवाळीतला सोमवार. भारतात दुपारचे बारा वाजून अठरा मिनिटे झाली असताना अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात अ‍ॅमेझॉनच्या संगणक केंद्रांतून चालणाऱ्या ‘डायनॅमोडीबी’ या प्रचंड माहितीसाठ्याचा पत्ता इंटरनेटवरून नाहीसा झाला. माहिती जागेवर होती, सर्व्हर सुरू होते, वीज गेली नव्हती, केबल तुटली नव्हती, कोणी हल्लाही केला नव्हता. हरवला होता तो केवळ पत्ता. तेवढ्याने स्नॅपचॅट, सिग्नल, कॅनव्हा, ड्युओलिंगो यांसारख्या सेवा अडखळल्या. रोब्लॉक्स आणि फोर्टनाइट हे खेळ थांबले. ब्रिटनमधील लॉइड्स बँकेच्या ग्राहकांना खाते उघडता येईना आणि तेथील करखात्याचे संकेतस्थळही मिळेनासे झाले.

त्यानंतर अ‍ॅमेझॉनने एक सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. तांत्रिक परिभाषेचा पडदा दूर सारून ते वाचले तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. बिघाड होऊ नये म्हणून जी जादा यंत्रणा उभारलेली होती, तिच्याच दोन भागांत लागलेल्या शर्यतीतून हा बिघाड जन्माला आला होता. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणावे तसे.

मोठी सेवा बंद पडली की ‘यांच्याकडे पर्यायी यंत्रणा नव्हती का?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. बहुतेक वेळा ती असते. एकाच्या जागी दोन यंत्रे असतात, कधी तीन असतात, आणि त्यावर बक्कळ खर्चही झालेला असतो. परंतु यंत्रे कितीही असली तरी जगाला दिलेला पत्ता एकच असतो. कोणत्या क्षणी तो पत्ता कोणत्या यंत्राकडे असावा, हे कोण ठरवते आणि कशाच्या आधारावर, हा खरा प्रश्न आहे. तो सहसा विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर खरेदीच्या यादीत नसते.

सहा पत्त्यांचे गणित

रेल्वेच्या तत्काळ आरक्षणाचे उदाहरण घेऊ. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि इतर डब्यांसाठी अकराला हे आरक्षण खुले होते व त्या मिनिटाला देशभरातून एकाच संकेतस्थळावर झुंबड उडते. एवढी गर्दी एक सर्व्हर पेलू शकत नाही. म्हणून अशा ठिकाणी सर्व्हरांचा ताफा ठेवतात आणि त्याच्या पुढे ‘लोड बॅलन्सर’ नावाचे यंत्र बसवतात. आलेल्या प्रत्येकाला कोणत्या खिडकीकडे पाठवायचे, कोणती खिडकी बंद आहे, कोठे रांग वाढली आहे, हे ते पाहते. प्रवाशाला खिडक्यांची संख्या ठाऊक नसते. त्याला फक्त दारावरचा पत्ता माहीत असतो.

आता दारावरचे हे यंत्रच बिघडले तर आतले सगळे सर्व्हर धडधाकट असूनही निरुपयोगी. म्हणून लोड बॅलन्सरही दोन ठेवतात. एक काम करतो, दुसरा त्याच्याकडे लक्ष ठेवून उभा राहतो. दोघांना देखभालीसाठी स्वतःचा एकेक पत्ता असतो. जगाला जो पत्ता दिलेला असतो, तो मात्र या दोघांपैकी कोणाच्याच नावावर कायमचा नसतो. तो तिसरा, सामाईक, तरंगता पत्ता. ज्याच्याकडे काम, त्याच्याकडे तो पत्ता.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात घोडे पेंड खाते ते आखणीत. इंटरनेट पुरवठादाराकडून लहान संस्थेला अनेकदा आठ पत्त्यांचा गट मिळतो. त्यातला पहिला गटाच्या ओळखीसाठी आणि शेवटचा गटातील सर्वांना एकदम हाक देण्यासाठी राखीव. वापरायला उरतात सहा. बाहेरचे राउटर दोन असतील तर त्यांचे स्वतःचे दोन व सामाईक एक, असे तीन गेले. लोड बॅलन्सरचे दोन व सामाईक एक, असे आणखी तीन गेले. गट संपला! एकही सर्व्हर अद्याप मोजलेला नाही. उद्या स्वतंत्र पत्ता लागणारी दुसरी सेवा सुरू करायची झाली तर नवा गट घ्यावा लागतो आणि चालू सेवेची मांडणी हलवावी लागते. पुष्कळदा हा फेरबदल घाईत, रात्री-अपरात्री होतो आणि पुढच्या बिघाडाचे बीज तेथे पेरले जाते.

आतल्या बाजूला पत्त्यांची टंचाई नसते. केवळ अंतर्गत वापरासाठी पत्त्यांचे काही गट १९९६ पासून जगभर राखून ठेवलेले आहेत. त्यांपैकी दहाने सुरू होणाऱ्या एकाच गटात १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते बसतात. पण मुबलकता म्हणजे निर्धोकपणा नव्हे. या क्षेत्रातली सर्वांत जुनी आणि अजूनही घडणारी चूक याच आतल्या बाजूची आहे. बाहेरचा पत्ता तरंगता ठेवला जातो, मात्र सर्व्हरांना उत्तर पाठवण्यासाठी जो ‘गेटवे’चा पत्ता सांगितलेला असतो, तो पहिल्या लोड बॅलन्सरचा स्वतःचा, स्थिर पत्ता असतो. जोवर पहिला चालतो तोवर कोणालाही काही कळत नाही. वर्षभर, दोन वर्षे सारे सुरळीत. मग एके दिवशी पहिला बंद पडतो, दुसरा क्षणात बाहेरचा पत्ता आपल्याकडे घेतो, आलेल्यांना आत सोडतो, सर्व्हर त्यांची विनंती ऐकतात आणि उत्तर धाडतात मेलेल्या यंत्राकडे. पर्यायी यंत्र तत्परतेने कामाला लागलेले असते आणि सेवा बंदच असते.

याचाच सख्खा भाऊ म्हणावा असा आणखी एक प्रकार. प्रवाशाने विनंती केली सामाईक पत्त्याला आणि उत्तर आले सर्व्हरच्या वेगळ्याच पत्त्यावरून, तर त्याचा संगणक ते उत्तर टाकून देतो, कारण आपण या अनोळखी पत्त्याला काही विचारलेच नव्हते, असे त्याला वाटते. यावर उपाय म्हणून काही मांडण्यांमध्ये तोच सामाईक पत्ता प्रत्येक सर्व्हरवर गुपचूप लिहून ठेवतात, म्हणजे उत्तर त्याच नावाने जाते. अट एकच: ‘हा पत्ता कोणाचा?’ असे जाळ्यात कोणी विचारले तर सर्व्हरांनी तोंड उघडायचे नाही. ही सूचना एका सर्व्हरवर द्यायची राहिली, तर तो एकटाच सगळी गर्दी स्वतःवर ओढून घेतो आणि लोड बॅलन्सर मोकळा बसून राहतो.

एका म्यानात दोन तलवारी

पत्ता एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा जातो? त्यासाठीचा सर्वमान्य नियम ‘व्हीआरआरपी’ या नावाने १९९८ पासून उपलब्ध आहे. राउटरांसाठी तो लिहिला गेला, लोड बॅलन्सरांनीही तो आपलासा केला. काम करणारे यंत्र साधारण दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाक देते. तीन हाका ऐकू आल्या नाहीत की दुसरे यंत्र समजते, पहिला गेला. ते ताबडतोब पत्ता आपल्याकडे घेते आणि शेजारच्या सर्व यंत्रांना कोणी न विचारताच कळवते, ‘यापुढे हा पत्ता माझा.’

यातली मेख ‘ऐकू आली नाही’ या शब्दांत आहे. हाक ऐकू न येण्याची कारणे दोन असू शकतात. पहिले यंत्र खरोखर बंद पडलेले असते, किंवा ते ठणठणीत असून दोघांमधली तार तेवढी तुटलेली असते. दुसऱ्या यंत्राला या दोहोंत फरक करता येत नाही. तार तुटली असेल तर दोघेही स्वतःला धनी समजतात, दोघेही त्याच पत्त्यावर हक्क सांगतात. अशा वेळी सेवा पूर्ण बंद पडत नाही, हे त्यातले सर्वांत वाईट. काहींना ती मिळते, काहींना नाही. एकाच माणसाला एका मिनिटाला मिळते आणि पुढच्या मिनिटाला नाही. दूरध्वनीवरून तक्रार घेणारा कर्मचारी स्वतः संकेतस्थळ उघडून पाहतो आणि ‘आमच्याकडे तर चालते आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो.

जेथे केवळ पत्ता नव्हे तर त्यामागची माहितीही दोन ठिकाणी असते, तेथे हा प्रकार किती महाग पडतो, हे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी दिसले. जगभरातील संगणक तज्ज्ञ आपले काम जेथे ठेवतात, त्या ‘गिटहब’च्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्रात दळणवळणाचे एक उपकरण बदलले जात होते. त्यात ४३ सेकंद संपर्क तुटला. अवघे ४३ सेकंद! स्वयंचलित व्यवस्थेने पूर्वेचा माहितीसाठा गेला असे ठरवून पश्चिम किनाऱ्यावरच्या साठ्याला प्रमुखपद दिले. प्रत्यक्षात पूर्वेकडे अखेरच्या काही सेकंदांत लिहिलेली माहिती पश्चिमेला पोहोचलेली नव्हती. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे अशी माहिती होती, जी दुसरीकडे नव्हती. ती जुळवून सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंद कोणीही काहीच केले नसते तर? हा प्रश्न त्या क्षेत्रात आजही विचारला जातो.

नोंद पुसली कोणी?

अ‍ॅमेझॉनच्या व्यवस्थेत अर्थातच दोन यंत्रांचा खेळ नसतो. डायनॅमोडीबीच्या मागे लोड बॅलन्सरांचा फार मोठा ताफा आहे. त्यांतले कोणते सध्या सक्षम आहेत हे पाहून त्यांचे पत्ते इंटरनेटच्या नावनिशीत, म्हणजे डीएनएसमध्ये, सतत बदलत ठेवावे लागतात. हे काम माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणून कंपनीने त्याचे दोन भाग केले होते. एक कार्यक्रम पत्त्यांचा आराखडा तयार करतो; दुसरा तो आराखडा नावनिशीत उतरवतो. उतरवणारा एकटा बिघडू नये म्हणून तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन स्वतंत्र कार्यक्रम हेच काम करत होते.

त्या दिवशी तिघांपैकी एक विलक्षण मंदावला. त्याच्या हाती जुना आराखडा होता. दरम्यान अनेक नवे आराखडे तयार झाले आणि दुसऱ्या कार्यक्रमाने त्यांतला ताजा आराखडा झपाट्याने उतरवून टाकला. नेमक्या त्याच वेळी रखडलेला पहिला जागा झाला आणि त्याने आपला जुना आराखडा नव्याच्या जागी लिहिला. ‘माझा आराखडा नवा आहे ना?’ ही तपासणी त्याने सुरुवातीलाच केली होती; एव्हाना ती शिळी झाली होती. इकडे दुसऱ्याने काम संपवून साफसफाई आरंभली. फार जुने आराखडे पुसून टाकायचे, हा नियम. नावनिशीत आता तोच फार जुना आराखडा चालू होता. तो पुसला गेला आणि त्याबरोबर सगळे पत्तेही. मागे उरली रिकामी नोंद. स्वयंचलित व्यवस्थेला पुढे ती दुरुस्तही करता येईना. अखेर माणसांनाच हात घालावा लागला. भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ५५ मिनिटांनी नोंद पूर्ववत झाली.

या साखळीतली प्रत्येक कडी वेगवेगळी पाहिली तर शहाणपणाची आहे. तीन कार्यक्रम असणे योग्य, तपासणी करणे योग्य, जुने पुसणे योग्य. चूक त्यांच्या एकत्र येण्यात होती. एकच कार्यक्रम असता तर ही शर्यत लागलीच नसती, असे म्हणणे सोपे आहे. पण तो एकटा बंद पडला असता तर पत्ते बदलण्याचे काम ठप्प झाले असते, हेही तितकेच खरे.

डायनॅमोडीबी तीन तासांच्या आत सावरला. दिवस मात्र तेथे संपला नाही. अ‍ॅमेझॉनची भाड्याने सर्व्हर देणारी यंत्रणा त्याच साठ्यावर विसंबून होती. तिच्यात कामाचा असा ढीग साचला की ती त्याखालीच दबली. नवे सर्व्हर सुरू होऊ लागले तेव्हा त्यांच्या पत्त्यांची खबर जाळ्यात सर्वत्र पोहोचायला उशीर होऊ लागला. आणि येथे लोड बॅलन्सरांची आरोग्य तपासणी आडवी आली. ती नव्या सर्व्हरला हाक देई, सर्व्हर निरोगी असूनही खबर न पोहोचल्याने उत्तर येत नसे, मग तपासणी त्याला आजारी ठरवून यादीतून काढी. पुढच्या फेरीत उत्तर येई, तो पुन्हा यादीत. अशी ये-जा सुरू झाली. यंत्र आजारी आहे की त्याला तपासणाराच, हे सांगायला तिसरा डॉक्टर तेथे नव्हता. शेवटी रात्री दहाच्या सुमारास अभियंत्यांनी या तपासणीवरून आपोआप होणारी बदलाबदलच बंद केली, तेव्हा लोड बॅलन्सर स्थिरावले. सुरक्षेसाठी असलेली व्यवस्था बंद केल्यावर सेवा सुरक्षित झाली!

हा प्रकार नवा नव्हे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद होते, ते अनेकांना आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या संगणक केंद्रांना जोडणारे अंतर्गत महाजाळे तुटले. अशी आज्ञा अडवणाऱ्या तपासनिसातही दोष होता. फेसबुकचे पत्ते सांगणारे डीएनएस सर्व्हर मात्र चालू होते. परंतु त्यांना शिकवलेले होते की मुख्य केंद्राशी बोलता आले नाही तर स्वतःला आजारी समजा आणि जगाला आपला मार्ग सांगणे थांबवा. एखाद-दुसऱ्या सर्व्हरच्या बाबतीत हा नियम उत्तम आहे. त्या रात्री सगळ्यांनीच एकाच वेळी तो इमानेइतबारे पाळला. ‘सगळेच आजारी कसे असतील?’ अशी शंका घेण्याची सोय त्यात नव्हती. अभियंत्यांची स्वतःची साधनेही त्याच पत्त्यांवर विसंबून असल्याने माणसे प्रत्यक्ष केंद्रांवर धाडावी लागली.

आणि जेथे एकच पत्ता दोन नव्हे, तर जगातील शेकडो शहरांतून एकाच वेळी दिला जातो, तेथे तरी निर्धास्तपणा आहे का? क्लाउडफ्लेअर कंपनीची ‘१.१.१.१’ ही डीएनएस सेवा अशीच चालते. ६ जून २०२५ रोजी दुसऱ्याच एका, अद्याप सुरूही न झालेल्या सेवेच्या मांडणीत तिचे पत्ते चुकून जोडले गेले. पाच आठवडे काहीच घडले नाही. १४ जुलै रोजी त्या मांडणीत बदल होताच हे पत्ते सर्व शहरांतून एकदम मागे घेतले गेले आणि सेवा ६२ मिनिटे बंद राहिली. यंत्रे शेकडो, मांडणीचा कागद एक.

मुंबईत यंत्र, किल्ली कोठे?

आपल्याकडे ही चर्चा बहुधा ‘माहिती देशात ठेवा’ या मागणीपाशी थांबते. अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि हैदराबाद केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले. सर्व्हर येथे ठेवण्याची सोय आहे. तथापि, ऑक्टोबरमधील त्या दिवशी कंपनीनेच सांगितले होते की वापरकर्त्यांच्या परवान्यांतील बदलांसारख्या काही जागतिक सुविधा व्हर्जिनियातील पत्त्यांवर अवलंबून असल्याने त्यांनाही फटका बसू शकतो. यंत्र मुंबईत असले तरी त्याची एखादी किल्ली व्हर्जिनियात असू शकते, असा त्याचा अर्थ. सरकारी वा खासगी, कोणत्याही लोकोपयोगी सेवेच्या निविदेत लोड बॅलन्सर किती हवेत याचा आकडा असतो. पहिले यंत्र मुद्दाम बंद करून दुसऱ्याने काम नीट सांभाळले का, हे दरवर्षी किती वेळा पाहायचे, हा आकडाही तितक्याच ठळकपणे तेथे असायला हवा. तसेच बदलाचा निर्णय यंत्राने कोणत्या मर्यादेपर्यंत घ्यायचा आणि त्यापुढे माणसाला केव्हा विचारायचे, हेही. अ‍ॅमेझॉनने आता एका वेळी किती सर्व्हर यादीतून काढता येतील यावर मर्यादा घालायचे जाहीर केले आहे आणि पत्त्यांची ती स्वयंचलित व्यवस्था दुरुस्तीसाठी जगभर थांबवली. धडा महाग होता.

मुंबईपुरते बोलायचे तर हा धडा शेअर बाजाराने आधीच घेतला आहे, तोही स्वतःच्या अनुभवातून. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. बाजाराकडे दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या. त्या दिवशी दोन्हींत अडचण आली, असे बाजाराने सांगितले. व्यवहार दुपारी पावणेचारला सुरू झाले आणि पाचपर्यंत चालवावे लागले. हा बिघाड पत्त्यांचा नव्हता. परंतु चेन्नईत पर्यायी केंद्र सज्ज असताना व्यवहार तेथे का हलवले नाहीत, हा प्रश्न ‘सेबी’ने त्याच दिवशी विचारला. महिन्याभरात नियम बदलले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे. म्हणजे निर्णय कोणी घ्यायचा याबरोबर तो किती वेळात घ्यायचा, हेही ठरले.

त्यापुढचे पाऊल अधिक धीराचे होते. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडण्यात आला. सकाळी सव्वानऊ ते दहा या वेळात मुख्य केंद्रातून खरेदी-विक्री झाली, मग साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रातून. समभाग खरे होते, पैसे खरे होते, गुंतवणूकदारही खरे होते. १८ मे रोजी, पुन्हा शनिवारी, हाच प्रयोग दुसऱ्यांदा झाला.